पाणकावळ्यांचा पहारा

लोस्टॉफ्ट, ९ ऑक्टोबर १९८३

श्री. विल्फ्रेड ओकशॉट यांस,

पाणकावळा क्लबच्या वतीने आपणास कळवण्यात येते की, गेल्या शनिवारच्या सभेत क्लब कायमचा बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. एकमत व्हायला फारसा वेळ लागला नाही. सभेला दोनच जण होते, माझा नवरा सिरिल आणि रम्बेलो, आणि त्यांतल्या रम्बेलोंना ऐकू येत नाही.

तुम्ही संस्थापक सभासद, म्हणून कळवणं भाग आहे. सेक्रेटरी स्पर्लिंग वसंतात वारले, तेव्हापासून पत्रव्यवहार मी बघते. मी सभासद नाही, होऊही शकत नव्हते. 'समुद्राने ज्याला घेतलं आणि परत दिलं, तोच सभासद' हा पहिला नियम तुमच्याच अक्षरात लिहिलेला आहे. पाकिटं चिकटवायला मात्र समुद्रात पडावं लागत नाही.

क्लबची मालमत्ता अशी होती. झेंडा सेंट मार्गारेट चर्चने घेतला. फोटो वाचनालयाने घेतले आणि तळघरात नेऊन ठेवले. शिल्लक राहिलेले बिल्ले माझ्याकडे आहेत. तुम्हाला आठवत असेल, पहिले बिल्ले शिवायला कापड मिळेना तेव्हा मी माझ्या आईचा मयतीला जायचा काळा स्कर्ट कापला होता. पांढऱ्या दोऱ्याने पंख पसरून बसलेला पाणकावळा. युद्धात समुद्रातून उचलून आणल्यावर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुम्ही सगळे घोंगड्या पांघरून तसेच वाळत बसलेले असायचात, म्हणून ते नाव. वरिष्ठांनी गणवेशावर लावायची परवानगी दिली नाही, मग तुम्ही तो कॉलरच्या आतल्या बाजूला शिवून घेतलात, आणि ओळख पटवायला कॉलर उलटी करून दाखवायचात. शंभरावर बिल्ले शिवले मी. माझ्या कॉलरला एकही नाही.

राहिली रबरी होडी. वार्षिक जेवणात मधल्या टेबलावर फुगवून ठेवायचो ती. एकसष्टच्या जेवणात पाद्रीबुवा प्रार्थना म्हणत असताना ती फुटली आणि निम्मे शूर वीर टेबलांखाली गेले, ते तुम्ही पाहिलं नाहीत, तुम्ही तेव्हा तिकडे परदेशात होतात. बायकांना हसू फुटलं होतं. पण टेबलांखालून कुणी लवकर बाहेर येईना, तेव्हा आम्हीही गप्प झालो. ठिगळ लावून ती पुन्हा वापरली. आता ती कुणालाच नको आहे. आमच्या शेडमध्ये पडली आहे. तुम्हाला हवी असल्यास कळवावे.

नवे सभासद मिळाले असते. सत्तरनंतर समुद्रातल्या तेलविहिरींवर काम करणारी पोरं आली होती, हेलिकॉप्टर पाण्यात पडलेली. तुमच्या मंडळींनी त्यांना नाकारलं. पाण्यात पडले आणि चहा गार व्हायच्या आत उचलले गेले, हे कसले पाणकावळे, असं स्पर्लिंग म्हणाले. त्या पोरांना घेतलं असतं तर आज सभेला माणसं असती.

सिरिलची तब्येत जरा बरी नसते. काळजीचं कारण नाही.

तुमच्याकडे सगळीकडे गहूच गहू आणि समुद्र हजार मैल लांब, असं ऐकते. बरं केलंत.

सौ. हिल्डा गॅरॉड
(सेक्रेटरींच्या वतीने)


लोस्टॉफ्ट, २० नोव्हेंबर १९८३

विल्फ,

उत्तर नाही. मग हे अहो-जाहो पुरे झालं. माझ्या स्वयंपाकघरात पायमोजे वाळत घालणाऱ्या माणसाला मी मान देत बसणार नाही.

होडीबद्दल विचारायला मी पत्र लिहिलं नव्हतं. ती होडी जाऊ दे चुलीत. सिरिलची फुप्फुसं गेली आहेत. डॉक्टर म्हणतात, वसंत दिसेल असं वाटत नाही. तेवढं असतं तर मी तुझ्या दारात आले नसते, माणसं मरतात. पण तो झोपत नाही, विल्फ. स्पर्लिंग गेल्यापासून तो झोपलेला नाही. डुलकी लागते, मान खाली जाते आणि लगेच दचकून वर. डोळे असे लाल की पाव देणारी पोरगी त्याच्याकडे बघायचं टाळते.

लोकांना वाटायचं तुमचा क्लब म्हणजे दारू आणि बढाया. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटलं. मग एका गुरुवारी सिरिलचा चष्मा द्यायला मी पबच्या मागच्या खोलीत गेले. दुपारची वेळ. बाकांवर, खुर्च्यांत, जमिनीवर कोट पसरून, पाचसहा दांडगे पुरुष घोरत पडलेले. आणि स्पर्लिंग एकटे खिडकीशी ताठ बसलेले, समोरचा ग्लास भरलेला तसाच. मला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. तुमच्या क्लबचा खरा धंदा तो होता. एकाने जागायचं म्हणजे बाकीच्यांना झोपता येतं. आता धंदा बुडाला, कारण जागायला माणूस नाही.

तू घर सोडून गेल्यावर सिरिल तिथेच झोपायला शिकला. गुरुवारी दुपारी, आणि वर्षातून एकदा जेवणाच्या हॉटेलात. बाकीचे दिवस कसे काढले ते मी बघितलं आहे.

तुला वाटत असेल, म्हातारी आता माफी मागणार. मी मागणार नाही. सत्तेचाळीस साली मी लग्न करून या घरात आले तेव्हा समोरच्या खोलीत तू होतास. लग्नाच्या पहिल्याच दिवशी, दिवा मालवायच्या आधी, माझा नवरा अंथरुणातून उठून दाराशी गेला आणि म्हणाला, "विल्फ, पहारा?" भिंतीपलीकडून तू म्हणालास, "माझ्याकडे. झोप." आणि तो येऊन पडला आणि लहान मुलासारखा झोपला. नव्या नवरीने छताकडे बघत काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. सहा वर्षं रोज. मी बायको होते, तुमच्या होडीतलं वल्हं नव्हते. म्हणून त्या दिवशी न्याहारीला मी म्हणाले की एक तर हा जाईल, नाही तर मी. सिरिल टोस्टला लोणी लावत होता. तो ते लावतच राहिला. तू उठलास, बशी धुऊन ठेवलीस आणि सामान बांधलंस.

तिघे होडीत बचावाच्या लाँचची वाट बघत होतात, दोघे घरी आलात, तिसरा आर्ची पिम झोपेतच गेला, एवढं मला सिरिलने सांगितलं होतं. म्हणून तुम्हा दोघांचा नियम, दुसरा जागा असल्याशिवाय डोळा मिटायचा नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण युद्ध संपलं होतं, विल्फ. माझ्या घरात पाणी नव्हतं.

ये. समोरच्या खोलीत आता शिवणयंत्र आहे, ते मी हलवीन.

हिल्डा


लोस्टॉफ्ट, ८ जानेवारी १९८४

विल्फ,

मी फोन केला होता, ते तुला कळलं असेलच. बाई म्हणाल्या तू कोठारात आहेस, निरोप देते. बाईंचा आवाज चांगला आहे. बायको असेल तर अभिनंदन, फार उशिरा.

नाताळच्या आधी रम्बेलो येऊन गेले. मी त्यांना गाडी पाठवून आणवलं, कारण आता या किनाऱ्यावर पाण्यात पडलेलं दुसरं कुणी चालतंफिरतं उरलेलं नाही. सिरिलच्या पलंगाशी खुर्ची ठेवली, पाय गुंडाळायला घोंगडी दिली, पुडिंग दिलं. रम्बेलो मोठ्याने म्हणाले, "झोप सिरिल, पहारा माझ्याकडे." किती दिवसांनी त्याचा चेहरा सैल झाला. मी पाय न वाजवता खाली आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून रडले. तेवढ्यात वरून घोरणं ऐकू आलं. वर जाऊन बघते तो घोरत होते रम्बेलो. सिरिल उठून बसला होता आणि त्यांची घोंगडी नीट करत होता. मला म्हणाला, "असू दे. दमलाय तो. मी आहे जागा."

मी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन एक बशी फोडली.

गोळ्या तो जिभेखाली ठेवतो आणि मी वळले की जिरेनियमच्या कुंडीत थुंकतो. झाड मेलं. सिस्टर सुई टोचतात तेव्हा तर जास्त वाईट. औषध त्याला खाली ओढतं आणि तो वर यायला धडपडतो, हात मारतो, तोंड उघडून हवा घेतो. मी आता सुई बंद करायला सांगितली आहे. डॉक्टर म्हणाले, बाई, शांतपणे जाऊ द्या त्यांना. मी म्हटलं, तुम्ही पाठवून दाखवा.

तुला माहीत नाही ते सांगते. तू गेलास त्याच दिवशी त्याने शेडमधून दोरी आणली. एक टोक मनगटाला, दुसरं पलंगाच्या खांबाला. होडीत तुम्ही एकमेकांची मनगटं बांधून घेत होतात ना. तीस वर्षं माझा नवरा माझ्या शेजारी पलंगाला बांधून घेऊन पडला आहे. मी एकदा माझा हात पुढे केला होता. म्हटलं, खांबापेक्षा मी बरी. त्याने माझा हात घेतला, कुरवाळला आणि पांघरुणात ठेवून दिला.

अडुसष्ट साली बायकांना सहसभासद करून घ्यायचं, असा ठराव आला. दरवर्षी 'किनाऱ्यासाठी' म्हणून आमच्या नावाने ग्लास उंचावता, तर आम्हाला बिल्ला तरी द्या, एवढंच म्हणणं होतं. ठराव पडला. मी चहाच्या टेबलामागे उभी होते, विरोधात वर गेलेले हात मला दिसले आणि त्यात सिरिलचा हात होता. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. परवा, इतक्या वर्षांनी, मी त्याला विचारलं की तेव्हा हात का वर केलास. त्याला बोलायला धाप लागते. तरी तो म्हणाला, "तुला त्या होडीत घ्यायचं नाही मला, हिल्डा. तिथून एक माणूस नेहमी कमी येतो."

आता मला सांग, अशा माणसाशी भांडायचं कसं?

मी पदर पसरते. ये. येणं होत नसेल तर फोन कर, मी यंत्र ओढून त्याच्या कानाशी नेईन, तार पुरेल एवढी लांब आहे, मी मोजून बघितली. चार शब्द म्हण. बाकी मी तुझ्याकडून काही मागत नाही. माझ्यावरचा राग माझ्यावर काढ, मी मेल्यावर थडग्यावर येऊन थुंक, पण त्याला झोपू दे.

हिल्डा


लोस्टॉफ्ट, १९ फेब्रुवारी १९८४

विल्फ,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. मी त्या इथे उतरवते, म्हणजे तू काय लिहिलंस ते तुला पुन्हा वाचायला लागेल.

'आर्ची झोपला तेव्हा पहारा माझ्याकडे होता आणि माझा डोळा लागला. सिरिलला हे माहीत होतं, तरी तो रोज माझ्या शब्दावर झोपायचा. तो शब्द तू घराबाहेर काढलास. आता माझ्याकडे तो नाही.'

मला हे माहीत नव्हतं. सिरिलने मला कधी सांगितलं नाही, आणि आता कळतंय की का. म्हणजे ती सहा वर्षं तू माझ्या नवऱ्याला झोपवत नव्हतास, तो तुला जागवत होता. रोज विचारायचा, रोज विश्वास टाकायचा, आणि तू रोज सकाळी तो खरा करून दाखवायचास. मला दिसत होते फक्त तुझे पायमोजे.

बरं. कळलं. पण म्हणून काय? तुझा शब्द माझ्यामुळे गेला असेल, तर त्याची शिक्षा सिरिलला का? तू दगड आहेस. तिकडे गव्हात उभा राहून तू स्वतःची कीव करत बसला आहेस, आणि इथे एक माणूस तुझ्या नावाने डोळे ताणून पडला आहे. पत्राच्या वेळेला तो जिन्याकडे कान लावतो. पाकीट आलं त्या दिवशी त्याने विचारलं, "विल्फचं काही?" मी म्हटलं, पोस्टाचा संप आहे. तो म्हणाला, "अगं, आपण पाव घेतो त्याच वेळेला पोस्टमन रोज खिडकीवरून जातो."

मी तुझी नक्कलही करून पाहिली. हस. दारामागे उभी राहिले, नाकातून आवाज काढला, तू काढायचास तसा, आणि म्हटलं, "माझ्याकडे आहे, झोप." आतून सिरिल म्हणाला, "हिल्डा, दार लाव, वारा येतोय."

माझे उपाय संपले, विल्फ. सकाळी मी त्याची दाढी करते तेव्हा वस्तरा थांबवून बघत राहते. तो मला म्हणतो, बघू नकोस. मी देवाला रोज सांगते की आज घेऊन जा. हे लिहायची लाज वाटत नाही. चाळीस वर्षं होत आली या माणसाबरोबर, त्याचे कपडे, त्याचा खोकला, त्याच्या आईचं म्हातारपण सगळं मी केलं, आणि माझ्या शब्दावर तो पापणी मिटत नाही, कारण मी कधी भिजले नाही. मला असं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

तुला आता विचारणार नाही.

हिल्डा


लोस्टॉफ्ट, २५ मार्च १९८४

विल्फ,

सिरिल मंगळवारी गेला. तुला कळवायला दुसरं कुणी नाही, म्हणून मी लिहिते आहे.

सोमवारी दुपारी सिस्टर म्हणाल्या, आता एखाददुसरा दिवस. डोळे उघडे होते पण काचेसारखे. दोरी ओढून ओढून मनगटाची साल गेली होती. शेजारच्या आयरीनला मी म्हटलं, जरा बस त्याच्यापाशी, मी पाव घेऊन येते. पाकीट, छत्री, सगळं घेऊन निघाले. खरंच पाव आणायला निघाले होते. पावाच्या दुकानापाशी रांग होती. मी रांगेत उभी राहिले नाही, खाली दक्षिणेच्या किनाऱ्यावर गेले.

भरती होती. मी बूट काढून छत्रीजवळ ठेवले. कोट अंगावरच ठेवला, कारण तुमच्याही अंगावर सगळे कपडे होते. आणि चालत आत गेले. तुम्ही लोक थंडीबद्दल इतकं बोलायचात, मला वाटायचं वाढवून सांगता. तुम्ही कमीच सांगत होतात. कमरेपर्यंत गेले तेव्हा श्वास आत जाईना. एक लाट तोंडावरून गेली आणि पाय सुटले. पोहता मला येत नाही, तू जाणतोस. खाली गेले. डोळे उघडे होते, हिरवं होतं सगळं. एक क्षण, खरं सांगते, वाटलं की इथेच बरं आहे. मग कुणाचा तरी हात कॉलरला लागला.

कुत्रं फिरवणारा माणूस होता. मला ओढून वाळूवर टाकलं आणि माझ्यावर ओरडायला लागला, म्हातारपणी अक्कल गेली का म्हणून. मी खोकत होते. मी त्याला विचारलं, "मला समुद्राने घेतलं होतं का?" तो म्हणाला, "जवळजवळ." मी म्हटलं, "आणि तुम्ही परत आणलंत. तुमचं नाव सांगा." बिचारा घाबरला, नाव काही सांगितलं नाही. अँब्युलन्स बोलवतो म्हणाला. तो फोनकडे धावला आणि मी घराकडे.

आयरीनने मला पाहून किंकाळी फोडली. मी तिला बाहेर काढलं. तशीच, पाणी गळत, पलंगापाशी बसले. खांबाची गाठ सोडली आणि दोरीचं ते टोक माझ्या मनगटाला बांधलं. माझे दात वाजत होते, त्यामुळे आवाज ओळखू येण्यासारखा राहिलाच नव्हता. त्याचा हात माझ्या बाहीवर आला. बाही चाचपली. मग बोटं स्वतःच्या ओठांना लावली.

"विल्फ?" तो म्हणाला.

मी सदतीस वर्षं सिरिलची बायको आहे. ते सांगायला मी समुद्रात गेले होते. माझं नाव अगदी जिभेवर होतं.

"हो," मी म्हटलं.

"भिजलायस."

"पाण्यात होतो."

"लाँच दिसते का?"

"अजून नाही. येईल."

"मग मी जरा पडतो."

"पड. पहारा माझ्याकडे आहे."

त्याने डोळे मिटले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाला, "हिल्डाला यात आणू नकोस."

"नाही आणत," मी म्हटलं.

तो झोपला. विल्फ, तो झोपला. तोंड किंचित उघडं ठेवून, एक पाय पांघरुणाबाहेर काढून, मी सहा वर्षं बघितला होता तसाच. मी ओल्या कपड्यांनी तशीच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वास थांबला, तेव्हाही तो झोपेतच होता. दोरी एकदाही ओढली गेली नाही.

त्याने मला ओळखलं होतं की नाही, ह्याचा विचार मी करते. ओळखलं नसेल, तर माझा नवरा तुझ्या हातून गेला. ओळखलं असेल, तर त्याने जाताजाताही मला होडीबाहेर ठेवलं. दोन्हीकडून मी किनाऱ्यावरच. चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणाले, ते पत्नीच्या सान्निध्यात शांतपणे गेले. मी मान हलवली.

प्रेताला कोट घालायला आलेला माणूस दोरी कापणार होता. मी कापू दिली नाही, माझ्या बाजूची गाठ सोडली. दोरी त्याच्याबरोबर गेली. कॉलरच्या आतला बिल्लाही.

आता तुला एक विचारायचं आहे, आणि हे माझ्यासाठी आहे. मला झोप येत नाही. पलंगावर पडते, डोळे मिटते, आणि हिरवं पाणी येतं, आणि वाटतं की मी झोपले तर त्याचा हात सुटेल. डॉक्टर म्हणतात शोक आहे. मी त्यांना काय सांगू? पाण्यातून आलेल्यांत आता मी, तू आणि रम्बेलो. रम्बेलो घोरतात.

तुला तो शब्द परत देते. मी घेतला होता, मी देते. एक कार्ड टाक. वर पत्ता आणि खाली तेवढाच मजकूर. सही नको.

हिल्डा


लोस्टॉफ्ट, ४ नोव्हेंबर १९८४

विल्फ,

रम्बेलो गेल्या महिन्यात गेले. मी दोन दिवस त्यांच्या पलंगाशी बसले होते. त्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून हाताच्या तळव्यावर बोटाने लिहून सांगितलं. ते लगेच झोपले. त्यांच्या मुलीने मला चहा दिला आणि विचारलं, तुम्ही नातेवाईक का? मी कॉलर उलटी करून दाखवली. उरलेल्यांतला एक बिल्ला मी शिवून घेतला आहे. हरकत घ्यायला तूच उरला आहेस.

होडी मी कचऱ्याच्या गाडीत दिली नाही. कुणाला देणार आहे असंही नाही. समोरच्या खोलीतलं शिवणयंत्र परत जागच्या जागी लावलं.

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टमन रोज खिडकीवरून जातो. पहिल्या महिन्यांत मी तुला शिव्या दिल्या. हल्ली वेगळं वाटतं. तू उत्तर देत नाहीस, म्हणजे तिकडे गव्हात कुठेतरी तुझा डोळा लागला असेल. आर्चीच्या वेळेपासून पहिल्यांदाच लागला असेल. मग मी हाका कशाला मारू.

मला आता झोप येणार नाही, ते मी धरून चालले आहे. कुणाला तरी जागं राहावंच लागतं आणि मागे आता कुणी नाही.

तेव्हा तू झोप, विल्फ. पहारा माझ्याकडे आहे.

हिल्डा